परतीचा पाऊस कुणाच्या सातबाऱ्यावर पडतो?



हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरला लागतं. त्याच्यामागून १० ऑक्टोबरच्या सुमाराला चित्रा आणि २४ च्या सुमाराला स्वाती. आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत, हे दीड महिन्याचे दिवस म्हणजे सगळ्या वर्षाचा हिशोब. हळवं भात कापायला आलेलं असतं. वरई पिवळी पडते, नागलीची कणसं वळायला लागतात. खाचरातलं गरवं भात मात्र अजून उभं असतं. कणगी रिकामी, दुकानदाराची उधारी चढलेली आणि घरात सगळ्यांचे डोळे शेताकडे. १९९२-९३ साली वावर-वांगणीची पोरं भुकेनं गेली ते अजून कुणी विसरलेलं नाही. पावसाळ्यातली भूक या दीड महिन्यात संपते. पीक हाती लागलं तर संपते, नाहीतर ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत मागे लागते.

या अंकात पावसावर लिहायचं ठरलं तेव्हा बैठकीत काही साथी म्हणाले, "आपलं पत्रक जमिनीच्या हक्काचं. पावसाचं काय त्यात? ते रेडिओवाला सांगतो." मला हे पटत नाही. माझं मत असं की परतीच्या पावसाचा प्रश्न हा जमिनीच्या हक्काचाच प्रश्न आहे. कसं ते सांगते.

पाऊस येतो कसा, जातो कसा

जून ते सप्टेंबर वारं समुद्रावरून येतं. सोबत वाफ घेऊन येतं. पुढे सह्याद्री आडवा उभा. वारं डोंगर चढतं, वर गेलं की थंड होतं आणि वाफेचं पाणी होऊन पडतं. म्हणून डहाणूच्या किनाऱ्यापेक्षा जव्हार-मोखाड्याला पाऊस जास्त. हा पाऊस सगळीकडे पडतो. जुलैमध्ये झड लागली की या पाड्यावर पाऊस आणि त्या पाड्यावर ऊन असं सहसा होत नाही.

सप्टेंबर संपता संपता वारं फिरतं. मान्सून आधी राजस्थानातून मागे सरायला लागतो आणि आपल्या भागातून साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. पण निघतो म्हणजे एका दिवसात दार लावून जात नाही. जमीन ओली असते, आभाळ मोकळं होतं, ऊन चटके देतं. सकाळभर वाफ वर चढते. दुपारी घाटमाथ्यावर ढगांचे डोंगर उभे राहतात. तीन-चार वाजले की काळोख, गडगडाट आणि विजा. ढग पूर्वेकडून खाली उतरतात, तास-दीड तास झोडपतात आणि संध्याकाळी परत चांदणं.

या पावसाचं एक लक्षण नीट ध्यानात ठेवा. तो तुकड्यातुकड्यानं पडतो. एका पाड्यावर खाचरं भरून वाहतात आणि ओहोळाच्या पलीकडच्या पाड्यावर अंगण कोरडं राहतं. पुढे आपलं सगळं काम याच गोष्टीवर अडतं.

दुसरी गोष्ट समुद्राची. अरबी समुद्रात वादळाचे दिवस वर्षातून दोनदा येतात. एक पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये. दुसरे पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २००९ साली ११ नोव्हेंबरला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागलं. दिवाळी होऊन गेली होती, कुणाच्या मनात पाऊस नव्हता. समुद्रावर होड्या होत्या आणि डोंगरात कापलेलं गरवं भात शेतात पसरलेलं होतं. म्हणून "दसरा झाला, आता पाऊस नाय" असं कुणी म्हणू नका.

अंदाज कुणासाठी असतो

हवामान खातं दर वर्षी एप्रिलमध्ये सांगतं की यंदा देशात सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल. २०१० साली ही सरासरी चार महिन्यांत ८९ सेंटिमीटर धरत. २००९ साली एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितलं, जूनमध्ये ९३ टक्के. प्रत्यक्षात पडला ७८ टक्के. तो एल निनोचा दुष्काळ होता. २०१० साली एप्रिलमध्ये ९८ आणि जूनमध्ये १०२ टक्के सांगितलं, आणि पाऊस सरासरीच्या आसपास झाला. त्या वर्षी प्रशांत महासागराचं पाणी थंड होतं, त्याला ला निना म्हणतात, आणि ते आपल्या पावसाला बरं असतं.

अंदाज चुकतो म्हणून मी खात्याला नावं ठेवत नाही. आभाळाचं काम अवघड आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हा आकडा अख्ख्या देशाचा आहे. त्यात चेरापुंजी पण आहे आणि जैसलमेर पण. १०२ टक्के म्हणजे खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावर वरई कापू की चार दिवस थांबू, हे कळत नाही. जिल्ह्यासाठी वेगळा कृषी सल्ला निघतो, २००८ पासून, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. चांगली गोष्ट आहे. पण २०१० साली जिल्हा कुठला होता? ठाणे. त्यात वसईची खाडी, भिवंडीचे यंत्रमाग, डहाणूच्या चिकूच्या वाड्या आणि मोखाड्याचा घाट सगळं एकाच ओळीत होतं. "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची शक्यता." तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे? ज्याच्या शेतात भात कापून पडलंय त्याच्यासाठी ते एकच ठिकाण असतं.

आपल्याकडची म्हातारी माणसं मुंग्या बघतात, चंद्राचं खळं बघतात, वारं कुठून सुटलं ते बघतात. शिकलेली पोरं त्यांना हसतात. हसू नका. आपल्या ओहोळावरचा पाऊस त्यांनी साठ वर्षं पाहिलाय. पण म्हाताऱ्यांनी पण रेडिओ बंद करू नये. समुद्रात दोनशे मैलांवर वादळ उठलंय हे मुंगीला कळत नाही, ते वरून उपग्रहाला दिसतं. दोन्ही ऐकायचं आणि मग विळा हातात घ्यायचा.

साडेसहा सेंटिमीटरचा न्याय

आता मुद्द्यावर येते. पाऊस पडला, पीक गेलं, मग सरकार काय बघतं? पहिलं बघतं की अतिवृष्टी झाली का. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस. तो मोजायचं यंत्र असतं मंडळाच्या गावात, रस्त्याच्या कडेला, सपाटीवर. एका मंडळात कितीतरी गावं आणि प्रत्येक गावाला सात-आठ पाडे, काही तीन डोंगर पलीकडे.

जुलैच्या झडीत हे चालून जातं, कारण तो पाऊस सगळीकडे असतो. पण परतीचा पाऊस तुकड्यातुकड्यानं पडतो हे वर सांगितलं. डोंगरावर ढग फुटतो, वरईचा सडा पडतो आणि मंडळाच्या गावातल्या यंत्रात पाणी असतं बोटभर. कागदावर त्या दिवशी अतिवृष्टी झालीच नाही. कागद खोटा नसतो, तो फक्त दुसऱ्या गावचा असतो.

दुसरी गोष्ट पैसेवारीची. गावातल्या मुख्य पिकाचा अंदाज घेऊन पैसेवारी काढतात. ती ५० पैशांच्या आत आली तर तेव्हा टंचाई धरत. पण अंदाज कुठल्या शेताचा? ज्याची नोंद आहे त्याचा. रस्त्याकडेचं, सातबाऱ्यावरचं खाचराचं भात दिसतं. वरकस जमिनीवरची, जंगलातल्या प्लॉटातली नागली-वरई कुणाला दिसत नाही. गाव भरल्या पोटाचं दिसतं आणि अर्धं गाव उपाशी असतं.

पंचनामा नाही, म्हणजे माणूसच नाही

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. नुकसान झालं तर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पंचनामा करतात. हातात गावचे सातबारे असतात. फयानानंतर आमच्या पाड्यावर पण माणसं आली. भाताला कोंब फुटले होते, पेंढा काळा पडला होता. यादी वाचली. खाली खाचर असलेल्या चार घरांची नावं निघाली. वरच्या प्लॉटवाल्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, आमचं?" तर उत्तर मिळालं, "तुमचं नाव नाय यात. ती जंगलाची जागा." सासऱ्यापासून सुनेपर्यंत तीन पिढ्या ती जागा कसतात. पाऊस त्या जागेवर पडला, पीक त्या जागेवरचं कुजलं. पण कागदाच्या हिशोबानं तिथं पीक नव्हतं आणि माणूसही नव्हता.

साथींनो, नुसते मदतीचे पैसे बुडाले एवढंच नाही. नीट विचार करा. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्यात अट आहे की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात पाहिजे. दावा करताना पुरावा मागतात. आता आठवा, त्याच वर्षी, २६ जुलै २००५ ला, काय झालं होतं? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि त्या वेळच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात पण नद्यांनी गावं धुऊन नेली. त्यानंतर पंचनामे झाले. त्या वेळी जर जंगलातल्या प्लॉटचे पंचनामे झाले असते, अमक्याची नागली इतकी गुंठे वाहून गेली असं सरकारी सही-शिक्क्यानं लिहिलं असतं, तर आज तो कागद सोन्यासारखा पुरावा झाला असता. तारखेच्या साडेचार महिने आधीचा! पण "जंगलाची जागा" म्हणून तेव्हा लिहिलं नाही, आणि आता म्हणतात पुरावा आणा.

आपल्या लोकांनी जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या. ज्या कागदानं आपल्याला गुन्हेगार ठरवलं, त्याच कागदानं आज दाव्यात ताबा सिद्ध होतोय. माझ्या आज्यानं त्या पावत्या पत्र्याच्या डब्यात, रॉकेलच्या वासात, पंचवीस वर्षं ठेवल्या. म्हणून मी म्हणते, पावसाचा कागद पण तसाच जपायला पाहिजे. नुकसानीचा कागद हा ताब्याचा कागद आहे.

काहींचं म्हणणं असं की दोन-चार हजारांच्या मदतीसाठी तहसीलला खेटे घालणं म्हणजे भीक मागणं, आपण जमीन मागणारी माणसं. मला वाटतं हे उलटं आहे. पंचनाम्यात नाव लिहा असं सांगणं म्हणजे ही जमीन आम्ही कसतो हे सरकारच्या तोंडून वदवून घेणं आहे. दावा मंजूर नसला तरी कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला जमिनीवरून उठवता येत नाही. ज्याला उठवता येत नाही तो तिथं आहे. जो आहे त्याचं पीक पण आहे. मग ते लिहायला काय हरकत?

आणि बायांनो, तुम्हाला वेगळं सांगते. या कायद्यात हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो. वाकून कापणी करणारी बाई, पाऊस आला की धावत जाऊन भारे झाकणारी बाई, पंचनाम्याच्या दिवशी मागे उभी राहते. पुढे या. अर्जावर दोघांची नावं आणि दोघांचे अंगठे असू द्या.

या दीड महिन्यात काय करायचं

कुठल्या दिवशी पाऊस येईल हे ठामपणे कुणी सांगू शकत नाही. पण जमीन ओली असली की दुपारच्या गडगडाटाला वाफ भरपूर मिळते. म्हणून तयारी ठेवू या.

१. कापणी एकदम करू नका. दोन-तीन दिवसांत वाळवून उचलता येईल तेवढंच कापा. उभं भात पाऊस बराच सोसतं, पण कापून जमिनीवर पसरलेल्याला लगेच कोंब येतात. सावडीनं कापा, म्हणजे एका घरचं एका फेऱ्यात उचलून होतं. भारे बांधावर किंवा उंचवट्यावर ठेवा, खालून दगड-लाकडं घाला. गवताचं पण तसंच. काळं पडलेलं गवत व्यापारी अर्ध्या भावानं मागतो.

२. विजेला जपा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा. तीस मोजायच्या आत गडगडलं तर वीज जवळ आहे, विळा ठेवून घरात जा. एकट्या झाडाखाली, ताडाखाली थांबू नका, बैलांनाही तिथं बांधू नका. मोकळ्या माळावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं झोपू नका.

३. होडीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या पोरांनी निघायच्या आधी बंदरावर इशारा कितीचा आहे ते विचारावं. ३ नंबर लागला असेल आणि मालक चल म्हणत असेल, तर नाय म्हणायचं. होडी मालकाची आहे, जीव आपला.

४. प्रत्येक पाड्यानं पाऊस मोजावा. त्याला यंत्र लागत नाही. सपाट बुडाचा, वर-खाली सारख्या रुंदीचा पत्र्याचा डबा घ्या. झाडापासून, छपरापासून लांब, मोकळ्या जागी हातभर उंचीवर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पोरांच्या कंपासमधली पट्टी उभी धरून पाणी मोजा, वहीत तारखेसमोर लिहा, डबा रिकामा करा. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी कोरी जागा असेल तर तेवढी धरून मोजा. साडेसहा सेंटिमीटर म्हणजे ६५ मिलिमीटर. शाळेतली पोरं हे काम आनंदानं करतील. सरकार आपला डबा मानणार नाही, मला माहीत आहे. पण मंडळात वीस आणि आपल्या पाड्यावर ऐंशी असं महिनाभर वहीत लिहिलेलं असलं, तर तहसीलदारांपुढे ती वही ठेवून बोलता येतं. नुसतं "लय पाऊस पडला" म्हणून बोलता येत नाही.

५. नुकसान झालं तर त्याच दिवशी लिहा. कुणाचं, कुठल्या प्लॉटात, कुठलं पीक, अंदाजे किती गुंठे, चतुःसीमा काय. वनहक्क समितीनं जाऊन पाहावं, पाच माणसांच्या सह्या-अंगठे घ्यावे, ग्रामसभेत ठराव करावा. अर्ज दोन प्रती करा. एक तलाठ्याला द्या, दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तहसीलच्या आवक-जावकला द्या आणि शिक्का घ्या. दाव्याच्या फायलीत या कागदाची एक प्रत लावा.

६.  दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर निघतील. पंचनामा आणि मदतीची यादी बऱ्याचदा त्याच्यानंतर लागते आणि "घर बंद" असा शेरा पडतो. म्हणून निघायच्या आधी कागद समितीकडे द्या आणि आपल्या वतीनं कोण उभं राहील त्याचं नाव ग्रामसभेच्या वहीत लिहून जा.

आपली मागणी

मागण्या फार मोठ्या नाहीत. पंचनाम्यात जमीन कसणाऱ्याचं नाव लिहा, सातबारा असो, पट्टा असो की दावा पडून असो. डोंगरातल्या प्रत्येक आश्रमशाळेत पाऊस मोजायचं यंत्र ठेवा आणि त्याचा आकडा अतिवृष्टी ठरवताना धरा. जिल्ह्याचा हवामानाचा सल्ला देताना किनारा वेगळा आणि डोंगर वेगळा सांगा. पैसेवारी काढताना नागली-वरई मोजा. या चार गोष्टींसाठी ऑक्टोबरअखेर तहसीलवर जायचं आहे. तारीख पाड्यापाड्याच्या बैठकीत ठरेल. येताना प्रत्येक पाड्यानं पावसाची वही आणावी.

डहाणूच्या वाडीवाल्याचे चिकू गळले की दुसऱ्या दिवशी साहेबाची जीप येते. यावी, त्याचं पण नुकसानच आहे. त्या वाडीत आपलीच माणसं मजुरीला असतात आणि त्यांची मजुरी पण बुडते. आमचं म्हणणं एवढंच की ती जीप घाट चढून वर पण यावी, आणि वर आल्यावर तिला माणसं दिसावीत. तोपर्यंत आपलं लिहिणं आपण चालू ठेवू.

नवं भात घरात येऊ दे, कणसरीच्या नावानं पहिला घास काढू, तारपा वाजू दे. पण डबा आणि वही विसरू नका.

कसेल त्याची जमीन! जोहार!